डहाळी उचलणारे गार्डसाहेब

एकोणीसशे ब्याण्णव साल. मी पन्नास वर्षांचा होतो आणि माझ्यापुढं कोणी चाललेलं मला खपत नव्हतं. गार्डसाहेबांना कायम शेवटी चालायचं असायचं. तेवढ्यावरच आमचं जमलं.

कानडी मुलखात, मल्लेश्वरमला माझं शिवणकामाचं दुकान. चार इयत्ता शिकलेला माणूस मी, पण मी कापलेलं कापड वाया गेलं असं कोणी सांगून दाखवावं. शेजारी गौडांचं कॉफीपुडीचं, म्हणजे दळलेल्या कॉफीचं दुकान. डॉक्टरनं त्यांना चालायला सांगितलं, एकट्यानं जायचा त्यांना कंटाळा, म्हणून रविवारचं मला ओढलं. बँकेतले सदाशिवराव माझं गिऱ्हाईक, तेही आले. त्यांच्या ओळखीनं के. आर. पुरमहून गार्डसाहेब आले. मूळचे मिरजेचे, मालगाडीवर तीस वर्षं गार्ड, नुकतेच रिटायर झालेले. बायको गेलेली, मुलगा मिरजेला. पहिल्या दिवशी त्यांनी नाव सांगितलं होतं, पण ते कधी लागलंच नाही. आम्हाला ते गार्डसाहेब, त्यांना मी मास्तर. आमच्याकडं शिंप्याला मास्तरच म्हणतात.

रविवारी सकाळी बनशंकरीच्या बसस्टँडवर भेटायचं, बसनं शहराबाहेर दहा-बारा मैल जायचं, आणि तिथून कच्च्या वाटेनं दिवसभर चालायचं. रागीची शेतं, आमराया, मध्ये एखादं तळं. तळ्याकाठी डबे सोडायचे आणि पलीकडच्या गावातून दुसरी बस धरून परत. आता तिथं सगळी घरं झालीत. तेव्हा नुकते कुठंकुठं प्लॉटचे पांढरे दगड दिसायला लागले होते.

मी पुढं. गौडा प्रत्येक विहिरीपाशी थांबून कोणाशी तरी बोलणार, सदाशिवरावांच्या चपलेत खडा जाणार, मग अंतर पडायचं. म्हणून वाट फुटली की मी घाणेरीची एक हिरवी डहाळी मोडायचो आणि जी वाट आपली नाही तिच्यावर आडवी ठेवून वर दगड ठेवायचो. ही माझ्या वडिलांची रीत. ते डोक्यावर मशीन घेऊन खेड्यांतल्या जत्रांना शिवायला जायचे, मागून येणाऱ्यांना अशीच खूण ठेवायचे. तीनशे वर्षं आमचं घराणं या मुलखात आहे. इथल्या वाटा मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी मागं वळून बघितलं तर गार्डसाहेब वाटेत वाकलेले. मला वाटलं कंबर धरली. बघतो तर माझा दगड बाजूला ठेवून डहाळी उचलून कुंपणात टाकत होते. मी विचारलं, हे काय चाललंय. ते म्हणाले, "आपली गाडी गेली मास्तर. आता मागून दुसरी येईल. तिला लाइन क्लिअर नको?"

मी म्हटलं, इथं कोण येतंय.

"आपली नाही म्हणून काय झालं," ते म्हणाले, "कोणाची तरी वाट आहेच ना ती."

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. मी ठेवायची, त्यांनी उचलायची. तळ्यावर सगळ्यात शेवटी पोचले की ते आम्हाला बोटानं मोजायचे आणि म्हणायचे, "तीन डबे आणि गार्ड. गाडी पूर्ण आली." हे म्हटल्याशिवाय भाकरीला हात लावायचे नाहीत. गौडांचा चित्रान्नाचा, लिंबू पिळलेल्या पिवळ्या भाताचा डबा तोवर अर्धा झालेला असायचा.

माझ्या मराठीची ते चेष्टा करायचे. मी "स्वल्प थांबा" म्हटलं की म्हणायचे, "मास्तर, कानडीची फोडणी जरा कमी." मी म्हणायचो, तुम्ही काल आलात साहेब, आम्ही शहाजीराजांबरोबर आलोय. मग ते हात जोडायचे. चालताना पुढं कधीच येत नसत. एकदा विचारलं तर म्हणाले, "तीस वर्षं शेवटच्या डब्यात एकटा बसलो. सगळं जग मागं जातानाच बघितलं. आता पुढचं बघायची सवयच नाही."

बिघडलं ते चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात. निलगिरीच्या झाडीपाशी दोन वाटा फुटतात, तिथं माझी चूक झाली. बरोबर वाटेवर मी डहाळी आडवी ठेवली आणि चुकीच्या वाटेनं तीन मैल सगळ्यांना नेलं. पुढं दगडाची खाण, वाट संपली. डोक्यावर ऊन, बाटल्या रिकाम्या. गौडा खाली बसले आणि गार्डसाहेबांना म्हणाले, "तुम्ही तर इकडं सायकलनं आला होता साहेब. तुम्हाला कळलं नाही?"

गार्डसाहेब म्हणाले, "कळलं होतं. पण डहाळी मास्तरांनी ठेवली होती."

गौडा आणि सदाशिवराव हसत सुटले. मला ते हसणं सुई नखात गेल्यासारखं लागलं. मी म्हटलं, चूक दिसली तर तोंडावर सांगायची, मागून गंमत बघायची नाही.

ते शांतपणे म्हणाले, "गंमत नाही बघितली. तिथं उभा राहून शिट्टी मारली असती, तर तुम्ही परत आला असता का मास्तर?"

मी नसतो आलो. ते मलाही ठाऊक होतं, म्हणूनच जास्त राग आला. त्या दिवशी मनाशी ठरवलं, हा माणूस आधी बोलेल तेव्हाच बोलायचं. आणि बोलेल म्हणजे चुकलो म्हणेल.

त्यांनी चुकलो म्हटलं नाही आणि मी तोंड उघडलं नाही. आठ महिने. पण रविवार कोणीच चुकवला नाही. एक सगळ्यात पुढं आणि एक सगळ्यात मागं, त्यामुळं भांडण कोणाला अडचणीचं झालं नाही. काही सांगायचं असलं तर मी गौडांना सांगायचो, साहेबांना सांगा बस पाचची आहे. साहेब तिथंच चार हातांवर बसलेले. गौडा एकदा वैतागून म्हणाले, "मी काय पोस्टमन आहे का?"

एका रविवारी मुद्दाम त्यांना पिडायला मी शेळ्यांच्या वाटेवरसुद्धा डहाळ्या ठेवत गेलो. सतरा ठेवल्या. म्हटलं, बघू किती वाकतो. तळ्यावर आम्ही बसून अर्धा तास झाला तेव्हा ते आले, घामानं भिजलेले, काखेत सतरा डहाळ्यांचा भारा. भारा माझ्यापुढं नीट मांडून ठेवला आणि म्हणाले, "शेळ्यांची लाइन क्लिअर." गौडा हसून लोळले. मीही तळ्याकडं तोंड करून हसलो. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो.

पुढं ते तळ्यावर आणखी उशिरा यायला लागले. आधी पाव तास, मग अर्धा, मग पाऊण. मला वाटायचं, मला दाखवायला करतोय. दम लागत होता, छातीत दुखत होतं, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पंचाण्णवची संक्रांत झाली त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. दुपारी गार्डसाहेब मल्लेश्वरमला आले. आधी गौडांच्या दुकानात बसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, माझ्याकडंच शिवलेला. मग माझ्या पायरीशी येऊन उभे राहिले. मी बघितलं आणि मान खाली घालून मशीन चालवायला लागलो. ते एकदा खाकरले. मी पाय आणखी जोरात मारले. मनात म्हणत होतो, बोल ना, तोंड उघड, मग बघू. ते थोडा वेळ थांबले, मग पुन्हा गौडांकडं डोकावून गेले. मशीनच्या सुईखाली कापड नव्हतं. दोराही ओवलेला नव्हता.

रविवारी ते स्टँडवर आले नाहीत. गौडा म्हणाले, तब्येत बरी नाही, आपण जाऊ. आम्ही तिघंच गेलो. सवयीनं मी पाच ठिकाणी डहाळ्या ठेवल्या. पाचवी निलगिरीपाशी, या वेळी बरोबर. तळ्यावर डबे सोडले, पण मोजायला कोणी नव्हतं. गौडांनीसुद्धा चित्रान्नाचा डबा अर्ध्यावर झाकून ठेवला.

परतीच्या बसची वाट बघताना गौडांनी सांगितलं. गार्डसाहेब काल रात्रीच्या गाडीनं मिरजेला गेले. कायमचे. डॉक्टरनं एकटं राहायचं नाही म्हणून सांगितलंय, मुलानं नेलं. मी म्हटलं, हे सकाळी का नाही बोललात.

"त्यांनीच सांगितलं होतं, चालून झाल्यावर सांगा. आधी सांगितलं तर मास्तर स्टँडवरूनच घरी जातील, त्यांचा रविवार मोडू नका."

मी विचारलं, माझ्याकडं का नाही आले.

"आले होते की. तुमचं मशीन जोरात चाललं होतं म्हणाले. कामात होते मास्तर, अडवलं नाही." मग गौडा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमच्यासाठी निरोप आहे. मास्तरांना सांगा, आता मागं कोणी नाही. डहाळ्या तेवढ्या बघा."

म्हणजे चुकलो म्हटलं नसलं तरी आधी तेच बोलले होते. मी आठ महिने ज्यासाठी अडून बसलो ते झालं होतं, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. पुढं दोन वर्षांनी ते मिरजेलाच वारले. मुलाचं कार्ड आलं. मधल्या काळात मी त्यांना दोन पत्रं लिहिली. पहिलं लिहायला मला चार दिवस लागले. त्यांचं उत्तर आलं होतं, अक्षर सुरेख, शेवटी लिहिलं होतं, इकडं सगळं ठीक, तुम्ही सावकाश चाला.

पण ते नंतरचं. त्या रविवारी रात्री घरी आलो, जेवलो, आडवा झालो. सोमवारी सकाळी एका लग्नाचे सहा ब्लाउज द्यायचे होते. बावीस वर्षांत सोमवारी माझं दुकान बंद राहिलेलं नव्हतं. गौडांच्या घरी जाऊन सांगितलं, गिऱ्हाईक आलं तर बसवून ठेवा, आणि एकटा पहिल्या बसनं निघालो.

पहिली डहाळी तशीच होती, पानं मलूल पडलेली. दगड बाजूला केला, डहाळी कुंपणात टाकली. दुसरी, तिसरी. चौथीपाशी एक म्हातारा दोन गोण्या लादलेली सायकल धरून उभा होता, परगावचा. वाट बंद आहे का, म्हणून त्यानं मला विचारलं. म्हटलं, नाही अण्णा, बंद नाही, माझी चूक, आणि वाकून डहाळी उचलली. तो "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि त्याच वाटेनं गेला.

पाचवी निलगिरीपाशी. तिथं कोणी नव्हतं. डहाळी हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो आणि ज्या वाटेनं आम्ही सगळे आलेलो त्या मागच्या वाटेकडं तोंड केलं. मोठ्यानं म्हणालो, "साहेब, त्या दिवशी वाट माझी चुकली होती."

मग सावकाश चालत बसपाशी आलो. दुपारी बारा वाजता दुकान उघडलं, मशीनमध्ये दोरा ओवला आणि ब्लाउज शिवायला बसलो.