आशीचा पासपोर्ट

जरा पुढं या, अशा दारात उभ्या राहू नका. मला तुमच्यावर थोडं रागवायचंय. पेपरात खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात एखादी ओळ असते, युद्धामुळे स्पर्धा दुसऱ्या देशात हलवली म्हणून. तुम्ही ती धड न वाचता पान उलटता. मीही उलटायचे. गेल्या वर्षी त्या ओळीत आमची आशी अडकली, तेव्हापासून माझा हात तिथं थांबतो. आज तुम्हीही थांबा.

आशी म्हणजे अश्विनी, आमच्या शेजारची. तेव्हा वय एकोणीस, त्रेपन्न किलोच्या गटातली पैलवान. पाथर्डीच्या पूर्वेला आमचं गाव, तिथं माझी पिठाची गिरणी. गिरणीतल्या काट्यावर ती रोज सकाळी उभी राहायची. दळणाचे डबे घेऊन बायका ताटकळलेल्या असायच्या, त्यांच्यामधून ही पुढं घुसणार, चपला काढणार, श्वास सोडणार, मगच काट्यावर पाय.

"आजी, रातची अर्धी भाकर नडली बघा."

"अगं, अर्धी भाकर काय किलोभर असते?"

"परातीत नसती. पोटात गेल्यावर हुती."

बायका हसायच्या. कुणी म्हणायची, "आशे, तुझ्या वाटचं आमी खातो, तू नुसतं वजन कर." ती रागवायची नाही. तिच्या रागाची जागा तालमीत होती.

आता आमच्या गावाची एक सवय सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. दसरा झाला की गाव ऊसतोडीला जातं. दारांना कुलपं, मागं आम्ही म्हातारी माणसं आणि कोंबड्या. त्यामुळे काहीही असो, सोयरीक असो, दुखरा दात काढायचा असो, दसऱ्याआधी उरकायचं. मागं ठेवलेलं काम राहिलंच म्हणून समजा. आशीची भारताच्या संघात निवड झाली होती, वीस वर्षांच्या आतल्या मुलींच्या जागतिक स्पर्धेसाठी. त्या वयोगटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. स्पर्धा होती त्या देशाचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. व्हिसासाठी पासपोर्ट मागवले, मुदत महिन्याची होती. संघातल्या बाकीच्या मुली म्हणाल्या, देऊ की सावकाश. मी आशीला म्हटलं, "आजच देऊन टाक. तुझे आईबाप उसाला गेल्यावर काही कागद लागला तर कुणाच्या मागं पळशील?" तिनं ऐकलं. तालमीतल्या मास्तरांनी तो त्याच दिवशी पुढं पाठवला आणि तो दिल्लीला त्या देशाच्या दूतावासात जाऊन पडला.

आईबाप उसाला गेले. आशी माझ्याकडे राहिली. एरवी ती आईबरोबर उसाच्या फडात मोळ्या बांधायची, त्या वर्षी पहिल्यांदाच मागं राहिली होती. दिवाळीत टीव्हीवर दाखवलं, त्या देशावर बॉम्ब पडायला लागले. आठ दिवसांत दिल्लीतला दूतावास बंद झाला, माणसं निघून गेली. पासपोर्ट आत, बाहेर कुलूप.

मग स्पर्धा दुसऱ्या देशात हलवली. ज्यांनी आळस केला होता त्यांचे पासपोर्ट हातात होते, त्यांना नव्या देशाचा व्हिसा मिळाला. आशीला संघाकडून सांगितलं, तुझा आला तर येशील, नाहीतर तुझ्या जागी दुसरी. तिनं वजन सोडलं नाही. रोज काटा, रोज जीपनं पाथर्डीची तालीम, रोज मास्तरांना एकच फोन. मधल्या वेळात ती आमच्या गल्लीत कुलपं लावलेल्या दारांपुढून चकरा मारायची. मला बघवत नव्हतं. पासपोर्ट लवकर द्यायला लावणारी मीच ना.

कुणीतरी तोड सुचवली. हरवला म्हणून पोलिसांत लिहून द्यायचं, म्हणजे तातडीनं नवा मिळतो. मी तिला घेऊन ठाण्यात गेले. वाटेत चारदा पढवलं, एस्टीत पडला एवढंच सांग. समोर हवालदार बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठं हरवला?"

आशीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हरवला न्हाई सायेब. दिल्लीत हाय. कुलपात."

"मग तक्रार कशाची?"

"तीच."

"अगं, मी लिहू तरी काय?"

"जे हाय ते ल्ह्या की."

हवालदार भले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आम्हाला चहा पाजला. जीपमध्ये मी तिच्यावर चिडले. "एक शब्द खोटा बोलली असतीस तर काय झालं असतं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आजी, तिथल्या पोरींची घरं पडली. माझा कागुद तर शाबूत हाय. त्याला गेला कसं म्हणू?" पण त्या आठवड्यात तिचं वजन उतरलं, ते काटा न बघताही दिसत होतं.

तिच्या जागी जी मुलगी गेली, तिला आशीनं निवडीत चीत केलं होतं. कुस्तीच्या दिवशी दुपारी तिचा तिकडून व्हिडिओचा फोन आला. वीज गेलेली, गिरणी बंद. पोरगी घाबरलेली होती. "ताई, समोरची एकदम पायात घुसते, मी काय करू?" मला वाटलं आशी फोन ठेवेल. हिनं फोन पिठाच्या पिंपाला टेकवून उभा केला, मला समोर उभं केलं आणि माझ्या साडीच्या निऱ्या धरून डाव दाखवला. "कंबर मागं टाक. तिच्या मानंवर भार दे. घाई करू नगं." मी पडता पडता वाचले. ती मुलगी त्या कुस्तीत हरली. आशी एवढंच म्हणाली, "भार उशिरा दिला तिनं," आणि अंगणात पाणी मारायला गेली.

दूतावासाचं कुलूप निघालं आणि पासपोर्ट पावसाळ्यात टपालानं आला. तोवर आशीला विसावं सरत आलं होतं. पाकीट तिनं माझ्यासमोरच फोडलं. आत त्या देशाचा व्हिसा चिकटवलेला, तारीख उलटलेली. तिनं ती तारीख बोटानं पुसून पाहिली. म्हणाली, "दिला हुता की त्यांनी." आणि थोड्या वेळानं, "ज्यानं ह्यो शिक्का मारला, तो मानूस घरी गेला असंल. असंल का न्हाई, आजी?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

यंदा दसऱ्याला ती आईबापांबरोबर उसाला गेली. संगमनेरच्या बाजूला कुठंतरी त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, आहेत. आता मोठ्या बायकांच्या गटात खेळायचं, सगळं पहिल्यापासून. फोनवर सांगत होती, फडातून आल्यावर एकटीच बैठका मारते, धरायला समोर कुणी नाही. गुढीपाडव्याला परत येतील. तुम्ही तेव्हा या, उगाच पावसाळ्यावर ढकलू नका. आणि तुमच्या घरात एखादी दणकट, पडायला न भिणारी पोरगी असेल तर तिला बरोबर आणा. चार दिवस राहू दे माझ्याकडे. आशीला धरायला कुणीतरी पाहिजे.