गेटजवळचा राम राम

जळगावबाहेर हायवेलगत आमची कॉलनी आहे. रस्ते रुंद, बंगले देखणे, पण टपरीवर चहा प्यायचा तरी गाडी काढावी लागते. गेटजवळच्या बाकावर एक आबा रोज सकाळी बसायचे. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात घरातल्या स्लीपर. गाडी आली की ते अर्धवट उठून हात वर करायचे. लिफ्ट मागत असतील असं समजून मी न थांबता निघून जायचो.

एकदा लाज वाटून थांबलो. "कुठे सोडू, आबा?"

"कोठेच नही, भाऊ," ते हसले. "मी राम राम करस. भडगावले आमना ओटासमोरतीन जो जास, त्याले करतस. आठे बठ्ठा काचमा बसीसन जातस." इथले सगळेच काचा लावून जातात, हे खरं होतं.

मुलगा-सून कामावर गेले की संध्याकाळपर्यंत आबांशी बोलायला कुणी नसायचं. मी गाडी बंद करून बाकावर बसलो. ओट्यावर जमणाऱ्या मंडळींचं ते एकेकाचं नाव घेऊन सांगत राहिले. मग त्यांनी सहज विचारलं, "तुना शेजारले कोन ऱ्हास?"

मला इथे येऊन चार वर्षं झाली होती. शेजाऱ्यांच्या गाडीचा रंग आठवला, नाव नाही. आबा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हायवेकडे बघत राहिले.

त्या संध्याकाळी मी चालत शेजारच्या बंगल्याशी गेलो आणि बेल वाजवली.

आतून आवाज आला, "कोण?"

"शेजारी," मी म्हणालो. नाव सांगून त्यांना कळलं नसतं.