राबाचा धूर आणि नातीची मुलाखत

नात वकील झाली आणि तिनं पुण्याच्या एका ऑफिसात अर्ज टाकला. तिथं फक्त पर्यावरणाचे खटले चालतात. नदीत कोणी काय सोडलं, डोंगर कोणी पोखरला, उन्हाळे का वाढले, असले. तिला ती नोकरी इतकी हवी होती की जेवताना घास हातात धरून बसायची.

कायदा तिला येत होता हो! भीती वाटायची ती इंग्रजीची. "आजी, ती मोठी माणसं सरळ बोलतच नाहीत. सगळं वाक्प्रचारांत." म्हणून तिनं भली मोठी यादी करून फ्रिजवर चिकटवली आणि परीक्षक म्हणून मला बसवलं. मी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं औषधांच्या पाकिटांवरून लावायला शिकले. पण मला मजा यायला लागली. 'किक द कॅन डाउन द रोड' म्हणजे आजचा निर्णय उद्यावर ढकलायचा. मी म्हटलं, आमचा ओढ्यावरचा साकव! दर पावसाळ्यानंतर बांधणार होते. 'पास द बक' म्हणजे जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात. त्यासाठी मला महाडची दोन-तीन ऑफिसं आठवली. 'फ्लडगेट्स' उघडणं म्हणजे एका खटल्यामागून शेकडो खटल्यांचा लोंढा. महाडला माझ्या बहिणीच्या माळ्यापर्यंत पाणी चढलेलं मी पाहिलंय, तो लोंढा मला कोणी समजवायला नको. आणि 'नो टीथ', म्हणजे ज्याचा कोणाला धाक नाही असा कायदा. "माझ्यासारखाच की!" मी कवळी काढून दाखवली. नात हसून लोळली.

मुलाखत लॅपटॉपवर, सकाळी दहाला. आमच्याकडे रेंज मिळते ती पडवीच्या एका कोपऱ्यात, आणि त्याच्यासमोरच आमचा राब. भाताची रोपं करायची तो तुकडा शेण, पाला, गवत पसरून भाजतो ना, तो. मी नातीला शब्द दिला होता, अकरापर्यंत काडी लावणार नाही.

पण घाटाकडं ढग जमायला लागले. राब भिजला तर केलेलं सगळं वाया. माझी जाऊ बांधावर कमरेवर हात ठेवून उभी.

"काय गो, राब भाजायला आता कोर्टाची परवानगी लागते काय?"

"नातीला शब्द दिलाय. अकरा वाजू देत."

"वाजले कवाच! माझ्या मोबाईलवर बघ."

वाजले होते खरे. मी काडी लावली. आता मला काय ठाऊक, पुण्याच्या लोकांनी पोरीला तासभर नुसतं बसवून ठेवलं होतं आणि मुलाखत तेव्हा कुठं सुरू झाली होती! त्यात वारा फिरला आणि सगळा धूर पडवीत.

"आजीऽऽ!"

मी धावत गेले, हातात काठी, तोंडाला काजळी. पडद्यावर एक बाई आणि एक चष्मेवाले साहेब. नात खोकत होती. साहेबांनी विचारलं, आग लागलीय का? नातीनं मान हलवून सांगितलं, आमचा राब आहे. साहेब हसले आणि म्हणाले, पर्यावरणाची वकील आणि दारात हा धूर?

पोरीचा चेहरा पडला. यादीतला एक वाक्प्रचार तिनं सुरू केला आणि अर्ध्यावर सोडला. मग माझ्याकडं वळून आपल्या भाषेत विचारलं, "आजी, आपण राब का भाजतो?"

मी म्हटलं, "तणाचं बी जळतं, रोप जोमदार येतं. धूर होतो, नाय कशाला म्हणू? माझे डोळे बघ. दुसरा उपाय कोणी दाखवला तर मी करीन. पण बंद करा म्हणणाऱ्यानं आधी बांधावर येऊन बघावं."

तिनं ते साध्या इंग्रजीत सांगितलं. एकही सजवलेला शब्द नाही. मला जवळजवळ सगळं कळलं, म्हणजे बघा. त्या बाई पुढं वाकून ऐकत होत्या.

नातीनं लॅपटॉप मिटला. मी म्हटलं, "बाळा, चुकलं माझं." ती म्हणाली, "शब्द पाळलास गो तू. घड्याळ त्यांचं चुकलं." पण त्या दिवशी ती जेवली नाही.

रोपं बोटभर झाली तेव्हा फोन आला. तिला घेतलं होतं. बाईंनी म्हणे सांगितलं, शेतकऱ्याला विचारून उत्तर देणारी वकील आम्हाला हवीच होती.

आता पहिली फाईल आलीय. शेतातलं भाजणं-जाळणं थांबवा म्हणून कोणी कोर्टात गेलंय, आणि नातीचं ऑफिस त्यांच्या बाजूनं.

"म्हणजे माझ्याविरुद्धच की गो?"

"हो आजी," पोरगी खाली बघत म्हणाली.

"मग मान वर कर आणि नीट तयारी कर. आधी त्या कोर्टात जाणाऱ्यांना विचार, ते शेतात कधी आले होते. आण तुझी यादी, बसू या."