देवाला सोडलेली घोडी

शर्यतीत घोडं मेलं तर गावात चार दिवस त्याची चर्चा होते. मोडून जगलं तर कुणी विचारत नाही. आमची घोडी जगली.

माझं माहेर माणदेशातलं. घरात मेंढरं होती, आणि बिऱ्हाड वाहायला एक तट्टू असायचं. घोडं नुसतं पळवायला पाळतात हे मी लग्न होऊन तासगावच्या बाजूला आले तेव्हा पाहिलं. इथल्या माणसांना द्राक्षाच्या कामातून सवड मिळाली की शर्यत लागते. माझ्या नवऱ्याला तो नाद नव्हता. मुलाला लागला, तोही मिलिटरीतून पेन्शनीवर घरी आल्यावर. तिकडं त्यानं ट्रक चालवले. इथं आल्यावर त्याचा बागेत जीव रमेना. वर्षभरात त्यानं एक तांबडी घोडी आणली.

मला ती आवडत होती असं नाही. चावायची. खायला घालायला गेलं की पदर धरून ओढायची. पण पळायला चांगली होती, हे मलाही दिसत होतं. हलक्या दोनचाकी गाडीला जुंपली की तिचे कान मागं जायचे आणि मग मुलाला काही करावं लागत नसे.

आमच्याकडची शर्यत गावाबाहेरच्या माळावरच्या कच्च्या रस्त्यानं असते. त्या रस्त्याला मध्ये एक चर आहे. कुणीतरी बागेला पाण्याची पाइप नेताना रस्ता आडवा खणला, वरवर बुजवला, आणि दर पावसात तो पुन्हा उघडा पडतो. घोडं त्यावरून उडी घेतं, मागं गाडी उडते. कधी दोन्ही चाकांवर पडते, कधी एका. ते बघायला निम्मी माणसं तिथंच उभी असतात. एका साली म्हसोबाच्या जत्रेत एक पांढरं घोडं तिथं मानेवर पडलं. पुढची गाडी सुटायची होती, म्हणून त्याला ट्रॅक्टरला बांधून बाजूला ओढलं. तेव्हा ते जिवंत होतं. ओढताना मेलं. कुणी म्हटलं नाही की चर बुजवा. बुजवला तर बघायला काय राहिलं?

आमची घोडी त्या चरावरून कितीतरी वेळा गेली होती. त्या दिवशी शेजारून मोटरसायकली हॉर्न वाजवत चालल्या होत्या, नेहमीसारख्याच. तिनं उडी घेतली आणि पुढचा डावा पाय पलीकडच्या काठावर आपटला. मी तिथं नव्हते. मी पाहिली ती टेम्पोतून उतरवताना. गुडघ्याखाली पाय पिशवीसारखा हलत होता. मुलाचा खांदा निखळला होता, पण तो खांद्याबद्दल काही बोलत नव्हता.

आता पुढं जे झालं ते बाहेरच्या माणसाला सांगायला अवघड आहे. दुसऱ्या कुणी आधी डॉक्टर बोलावला असता. मुलगा आधी खंडोबाच्या देवळात गेला. घोडं खंडोबाचं वाहन, म्हणून घोड्याचं काही असलं की आमच्यात आधी त्याला कौल लावतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि विचारायचं ते विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि एकदा मिळालेला कौल खरा होईपर्यंत त्याच गोष्टीबद्दल देवाला परत विचारायचं नाही, अशी पद्धत. मीही हात जोडून उभी होते. गुरवानं विचारलं, घोडी बरी होईल का. पाकळी उजवी पडली. मुलगा रडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला. सरकारी दवाखान्यातला जनावरांचा डॉक्टर, तरुण पोरगा. त्यानं पाय हातात धरला आणि लगेच सोडला. म्हणाला, हाड चुरलंय, हे जुळणारं नाही. घोड्याला तीन पायांवर जगता येत नाही. सुई देऊन मोकळी करा.

मुलगा म्हणाला, "देवानं बरी व्हईल म्हणून सांगितलंय."

डॉक्टर त्याच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. मीच तिथं हात जोडून उभी होते.

आदल्या दिवशी डॉक्टरला विचारलं असतं तर देवाला विचारायची वेळ आली नसती. पण आदला दिवस गेला होता. आता मारायची तर देव खोटा ठरवायचा.

घोडी उभी राहत नव्हती म्हणून तिला बेदाण्याच्या शेडमध्ये टांगली. आमचं शेड मोठं आहे, लोखंडी अँगलचं, आत बेदाणा वाळवायच्या जाळ्या एकावर एक. वर एका अँगलला क्रेट उचलायची साखळीची कप्पी आहे. घोडीला ताडपत्रीची झोळी केली, आत पोती घातली, ती तिच्या पोटाखालून घेतली आणि कप्पीनं वर ओढली. तीन खूर जमिनीला टेकतील इतकीच. चौथ्याला डॉक्टरनं प्लॅस्टर केलं, पण आधीच सांगितलं की याचा उपयोग होणार नाही.

मुलगा बागेत, सून घरात आणि मजुरांत. घोडी माझ्याकडं आली. म्हातारीला दुसरं काय काम असतं! मी वैरण घालायची, पाणी दाखवायची, शेण ओढायची. झोळी जिथं घासत होती तिथं आधी केस गेले, मग कातडं गेलं. डॉक्टरनं दिलेली निळी फवारणी मारायची. माश्या तरी यायच्याच. चावणं तिनं सोडलं. पदर तोंडासमोर धरला तरी धरायची नाही. मला ते काही बरं लक्षण वाटलं नाही.

मुलगा संध्याकाळी यायचा, तिच्या कपाळाला भंडारा लावायचा, म्हणायचा, आज जरा बरी दिसती. बरी दिसत नव्हती. पुढच्या चांगल्या पायाचा खूर गरम लागायचा. सगळा भार त्याच्यावर होता. डॉक्टर म्हणाला, आता तोही चालला.

गुरवाकडं मी दोनदा गेले. तो माझ्याच वयाचा, मला वैनी म्हणतो. मी म्हटलं, परत विचारा देवाला. तो म्हणाला, "वैनी, देवानं एकदा सांगितल्यावर परत कसं इचारायचं? तुमीच सांगा." मी म्हटलं, दुसरं विचारा, मोकळी करू का म्हणून. तो म्हणाला, तेच झालं की ते फिरवून. त्याचंही बरोबर होतं. त्याला गावात राहायचं होतं.

माल वाळवायचे दिवस जवळ आले तसं शेड लागायला लागलं. घोडी मधोमध टांगलेली, वास असा की जाळ्यांना धरून बसेल. सून माझ्याशी नीट वागते, पण तोंडाची फटकळ. म्हणाली, "आत्या, यंदा बेदाणा खाणाऱ्याला घोड्याचा वास फुकट." मी हसले. तिनं ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं. माल सडला तर घर कशावर चालणार, हे तिला दिसत होतं आणि मलाही.

आणि मग मुलानं तोड काढली. एक दिवस एक गुरांचा दलाल आला. घोडीभोवती फिरला, झोळी हलवून बघितली, म्हणाला, नेतो. कुठं नेणार हे कुणी विचारलं नाही. असली जनावरं कुठं नेतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तीन पायांवरची घोडी टेम्पोत उभी राहणार नाही. आडवी टाकून, पाय बांधून, खड्ड्याखड्ड्यातनं नेणार, आणि तिकडं पोचल्यावर जे करायचं ते करणार.

मी मुलाला म्हटलं, डॉक्टरला बोलाव, इथंच मोकळी कर.

तो म्हणाला, "मी मारणार न्हाई आये. इकली म्हंजे मी मारली न्हाई."

"मग मारली कुणी?"

तो म्हणाला, पुढं तिचं नशीब.

मिलिटरीतनं सुट्टीवर यायचा तेव्हा पोरगा माझ्या पायाशी बसून तिकडच्या बर्फाचं सांगायचा. वाईट माणूस नाही. पण एक गाठ त्यानं आपल्या हातानं मारली होती आणि ती सोडायचं सोडून तो दोरच दुसऱ्याच्या हातात देत होता.

दलाल दोन दिवसांनी यायचा होता. मी रात्री पडल्या पडल्या विचार केला आणि सकाळी मुलाला सांगितलं, विकू नको, देवाला सोड. जनावर देवाच्या नावानं सोडलं की त्याला कुणी विकत नाही, घेत नाही, दलालही हात लावत नाही. मुलाचं तोंड उजळलं. त्याला हे आधी सुचलं नव्हतं. त्याच दिवशी गुरवाला आणून घोडीच्या अंगावर भंडारा उधळला, नारळ फोडला. दलालाचा फोन आला तेव्हा मुलगा मोठ्या आवाजात म्हणाला, "घोडी देवाची हाय आता गड्या, नाव काढू नगंस."

माझा हिशेब असा होता की टेम्पो टळला, आता घोडी मुलाची राहिली नाही, म्हणजे मारल्याचा बोलही त्याच्यावर यायचा नाही. मी डॉक्टरला बोलावलं. तो आला, सुई काढली, आणि मग विचारलं, मालक कोण?

मी म्हटलं, देव.

तो म्हणाला, "आजी, देवाकडनं हो कसं घेऊ? उद्या गाव मला धरेल."

गुरवाला विचारलं. तो म्हणाला, मी पुजारी, मालक न्हाई. मुलाला विचारलं. तो म्हणाला, माझी कुठं राहिली ती. डॉक्टरनं सुई परत पिशवीत ठेवली. मी शेडच्या दारात उभी राहून बघितलं. आधी हो म्हणायला एक मालक तरी होता, तो नको म्हणत होता. आता कुणीच नव्हतं.

शेडचा तो एक भाग हिरवी जाळी लावून वेगळा केला, आणि पलीकडं बेदाणा सुरू झाला. देवाची घोडी म्हटल्यावर वासाबद्दल कुणी बोलेना. उलट माणसं यायला लागली. शेजारच्या गावातल्या बाया आल्या. घोडीच्या खुराला हात लावून नमस्कार करायच्या, गरम असलेल्या त्याच खुराला. ती अंग चोरायची, तर म्हणायच्या, बघा कशी शहारली. कुणी हळद तिच्या डोळ्यावर टाकली. मी एकीला काठी दाखवली. ती म्हणाली, आवं आजी, देवाचं हाय, तुमचं न्हाई. बरोबर होतं तिचं. ते मीच करून ठेवलं होतं.

डॉक्टर मधूनमधून जखमा बघायला यायचा. एकदा हात धूत असताना तो म्हणाला की झोळीत उभी आहे तोवर त्याला काही करता येत नाही. पण खाली पडून तडफडत असेल तर तिचं दुखणं थांबवणं हे त्याचं काम, मग मालक कोण हे तो कुणाला विचारणार नाही. एवढं बोलला आणि गाडीला किक मारून गेला. मला सुचवलं की नुसतं सांगितलं, कोण जाणे. मी त्याला कधी विचारलं नाही.

कडेगावला सुनेच्या माहेरी लग्न होतं. सगळी गेली. मला गाडीत बसवत नाही म्हणून मी राहिले. दुपारी जेवण उरकलं आणि डॉक्टरला फोन लावला. म्हटलं, घोडी पडलीया, या.

तो म्हणाला, "कधी पडली?"

"तुमी येस्तोवर पडल."

पलीकडून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, निघतो.

मी कप्पीची साखळी धरली. क्रेट चढवायची-उतरवायची सवय आहे, त्याला ताकद लागत नाही. हळूहळू सोडली. झोळी खाली आली तशी घोडी मागच्या पायांवर कलली, मग गुडघ्यावर, मग कुशीवर गेली. मोडका पाय अंगाखाली आला तेव्हा तिनं एक आवाज काढला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मग मान टाकली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा आडवी झाली. मी झोळीच्या कड्या काढल्या, पोटाखालची पोती निघाली नाहीत ती तशीच ठेवली. तिच्याजवळ खाली बसायचा माझा विचार नव्हता, पण गुडघ्यांनी बसवलं. मग उठता येईना. तशीच बसून राहिले. एकदोनदा तिनं उठायची धडपड केली, तेव्हा मी मान दाबून धरली. त्यातच तिच्या तोंडाला माझा पदर लागला. तिनं धरला नाही.

डॉक्टर आला, आपलं काम केलं. वेळ लागला नाही. मग मला हात देऊन उठवलं.

मुलगा आला तेव्हा घोडीवर मी पोतं टाकलेलं होतं. तो आधी तिच्याकडं गेला, मग वर साखळीकडं बघितलं. साखळी पूर्ण खाली होती. तुटलेली नव्हती.

"कशी पडली?"

"मी सोडली."

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आये, हे भाईर बोलू नगंस. देवानं न्हेली म्हण."

मी म्हटलं, मी असलं म्हणणार नाही.

त्यानं म्हटलं. गुरवानंही म्हटलं. बांधाला जेसीबीनं खड्डा काढून तिला पुरली, वर दगड ठेवला, दगडाला शेंदूर लागला. आता कौलही खरा झाला असं सांगतात. देवानं तिला आपल्याकडं नेऊन बरी केली म्हणे. त्यावर बोलायला जागाच राहत नाही.

बाया अजून येतात. परवा एक आली. तिची म्हैस गाभण राहत नव्हती. दगडाला नारळ वाढवून घरी पाणी प्यायला थांबली आणि मला विचारलं, शेवटी घोडीनं देवळाकडं तोंड केलं होतं म्हणतात, खरं का? मुलगा तिथंच कॉटवर बसला होता.

मी म्हटलं, तोंड जाळीकडं होतं. मी साखळी सोडून खाली घेतली आणि डॉक्टरनं सुई मारली.

ती बाई मुलाकडं वळली. म्हणाली, "वयानं असं व्हतं बघा. काय बी वाटतं. जपा म्हातारीला."

मुलानं खाली बघितलं.

"व्हय," तो म्हणाला.