शुक्रवारची लाइट

आत्या गेल्याचा फोन सकाळी साडेनऊला आला. आतेभाऊ म्हणाला, "ताई, लुगडं घेऊन ये. तू आल्याबिगर उचलनार नाय." आमच्याकडे बाई कितीही म्हातारी होऊन जावो, शेवटचं लुगडं तिला माहेरचंच नेसवतात. आत्याचा एकुलता भाऊ म्हणजे माझे वडील. ते गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. तिचं माहेर म्हणून मी एकटीच उरले होते.

शहापूरच्या बाजारात बारीक काठाचं लुगडं घेतलं आणि गाडीत बसले. गाडीची बॅटरी नऊ टक्के. आत्याचं गाव मुरबाडच्याही पुढे.

आमच्या इमारतीत चार्जिंगचा पॉइंट लावू देत नाहीत, त्यामुळे माझी गाडी हायवेवरच्या ढाब्यामागच्या चार्जरवर जगते. तिथल्या दोन चार्जिंग गनपैकी एक कित्येक महिने बंद आहे. दुसरी चालते, पण लाइट असेल तर. आणि त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी गुरुवारीच दळण आणते, गुरुवारीच मिक्सर लावते, आणि गाडी मात्र नऊ टक्क्यांवर सोडून खुशाल झोपले होते. माझ्यासारखी मूर्ख मीच.

ढाब्यावर पोहोचले तर लाइट गेलेलीच. ढाबेवाला म्हणाला, "दोनला येते लाइट. चा घ्या तवर."

समोर तीन रिक्षा उभ्या होत्या. मला त्या दिसत होत्या. पण दोनला लाइट येईल, अर्ध्या तासात पोहोचण्यापुरती गाडी भरेल, असा हिशेब मी मांडून बसले. खरं सांगायचं तर आत्याच्या दारात मला माझ्याच गाडीने जायचं होतं. दिवाळीत तिला हिच्यातून फिरवलं होतं, तेव्हा सीटवर हात फिरवत म्हणाली होती, "आवाजच नाय गो हिला. माज्या भाचीची गाडी."

दोन वाजले, तीन वाजले. चार्जरचा पडदा काळाच. आतेभावाचा पुन्हा फोन आला. "ताई, माणसं खोळंबली. थंडीचे दिस, अंधार लवकर पडतो." मी म्हटलं, "निघालेच." खोटं बोलले. फोन ठेवून चार्जरला लाथ घातली, मग तिथेच बसून रडले.

चारला रिक्षात बसले. घाटात पुढे ट्रक बंद पडलेला. लुगड्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून मी येईल त्या देवाला विनवत होते.

पोहोचले तेव्हा पुरुष नदीवरून परतून अंगणात हातपाय धूत होते. आतेभावाची बायको तेवढी जवळ आली. म्हणाली, "लय वाट पायली गो ताई. शेवटी माज्या पेटीतलं नवं नेसवलं." मग म्हणाली, "कालपासून त्या एकच बोलत व्हत्या. माजी भाची गाडी घेऊन येईल, तिला येळ नाय लागायचा."