मुठीतला कागद

कोणतीही वस्तू समोर ठेवली की त्या दुरुस्तीवाल्या बाई आधी तिचा वास घेत. मिक्सर असो, रिमोट असो. "भाऊ, जळलेलं लपत नाही," म्हणत आणि असं बघत, की जाळलं तुम्हीच. गोंदियाच्या बाजारात तुम्ही कधी काही दुरुस्त करून घेतलं असेल, तर ही नजर तुम्हीही झेलली असेल.

मी फुलचूरचा लेथवाला. हमालीतून स्वतःचं मशीन उभं केलं, त्यामुळे कोणावर चटकन विश्वास ठेवत नाही. पोरीला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये उजेडाच्या तलवारीनं लढायचं होतं. महिनाभर तालीम चालली होती. मूठ मी अ‍ॅल्युमिनियमची काढली, हातातून सोडवेना अशी. आतलं काम बाईंकडे.

मी नागपूरला एक सर्किट पाहून आलो होतो. तलवार फिरवली की घुंऽऽ आवाज आणि नळीभर बारीक दिव्यांची माळ.

"आवाजवाली पाहिजे का मार खाणारी पाहिजे?" बाई म्हणाल्या. "पोरी हाणतील एकमेकींवर. माळ तुटते."

त्यांनी ड्रॉवरमधून एकच मोठा एलईडी काढला. तो मुठीत बसवायचा, उजेड वर दुधाळ नळीत जाईल.

"पडलेला माल खपवून राहिल्या का ताई?"

"पडूनच होता. तुम्ही काय भंगार जपून ठेवता?"

घरी येऊन मी मूठ उघडलीच. बॅटरीभोवती जाड कागद गुंडाळलेला. आमच्या धंद्यात सैल भागाखाली कागद कोंबतो तो कामचोर. डोकं फिरलं. कागद ओढून फेकला, मूठ कसून बंद केली. तलवार पेटली. म्हटलं, पकडली बाईला.

गॅदरिंगमध्ये दुसऱ्याच घावाला आतली तार उघड्या धातूला टेकली. मूठ तापली. पोरीनं किंचाळून तलवार टाकली आणि सगळा हॉल हसला.

पोरीला घेऊन मी भांडायलाच गेलो. बाईंनी मूठ उघडून वास घेतला.

"कागद कायले काढला?"

"होताच कुठं?" मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पोरीचा भाजलेला तळवा हातात घेतला. "राहून गेला असन पोरी माह्याकडून. डोळे साथ देऊन नाही राहिले."

मला खोटारडा म्हणाल्या असत्या, तर भांडून मोकळा झालो असतो. ती सोय त्यांनी ठेवली नाही, याचा राग अजून आहे.

बाई वारल्या. दुकानात आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. परवा गाडीतून जाताना पोरीनं जावयाला ते दुकान दाखवलं. "इथल्या म्हातारीनं माझा हात भाजवला होता."

मी समोर बघत गाडी चालवत राहिलो.