एक काडी कमी

सुट्टीत आमच्या आळीतली पोरं जोंधळ्याच्या धाटांच्या बैलगाड्या करायची. धाटाची साल सोलून तिच्या काड्या काढायच्या आणि आतल्या पांढऱ्या मऊ गाभ्याच्या तुकड्यांत त्या खोचायच्या. डिंक नको, दोरा नको. मी मात्र गाड्या सोडून खोकी करत बसायची. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात दहा वर्षांच्या मुलीनं असलं काही करणं म्हणजे निव्वळ रिकामटेकडेपणा. मला त्याची फिकीर नव्हती. मी हट्टी होते, अजूनही आहे.

बारा काड्यांचं खोकं उभं केलं की ते एका अंगाला कलायचं. प्रत्येक बाजूला एक तिरपी काडी घातली की ताठ! त्रिकोण हलत नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्याचा मला इतका गर्व झाला की आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही. मग नुसत्या त्रिकोणांचे आकार सुरू झाले. प्रत्येकाच्या काड्या, कोपरे आणि काड्यांनी वेढलेल्या सपाट बाजू मोजून वहीत लिहिताना एक गंमत दिसली. कोपरे आणि बाजू यांची बेरीज काड्यांपेक्षा बरोब्बर दोननं जास्त भरायची. दर वेळी दोननंच. का, ते काही केल्या उमगेना.

गुरुजी म्हणाले, "परीक्षेत येत नाही ते." आई शाळेची पायरी न चढलेली. उरला काका. तो फौजेत पूल बांधायचा आणि रजेवर घरी आला होता. त्याला हा नियम दाखवायचा, तोही वीस त्रिकोणांच्या गोळ्यावर, असं मी ठरवलं. काका 'बरोबर' म्हणाला तर ते खरं, नाहीतर सगळा पोरखेळ. रजेच्या शेवटच्या संध्याकाळी गोळा पुरा झाला. काका पाव्हण्यांकडे गेला होता, म्हणून मी तो गोठ्यात कडब्यावर जपून ठेवला.

सकाळी आईनं कडबा कवेत घेतला आणि गोळ्यासकट म्हशीपुढं टाकला. बाहत्तरचा दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती. धाट दिसलं की ते जनावराच्या तोंडी, हे तिच्या हातालाच लागलेलं वळण होतं.

मी भोकाड पसरलं. काकाची एसटी तासाभरात येणार होती.

"आगं, मला काय ठावं? गप, रडू नगंस. किती काड्या लागत्यात?"

"तीस. सगळ्या सारख्या."

आई विळा घेऊन बसली. माझ्यासारखी पट्टी न लावता तिनं नुसत्या नजरेनं काड्या कापल्या आणि एकही उणीअधिक निघाली नाही. मी थक्क झाले. पण शेवटची काडी मी घाईत खोचली आणि ती मोडली, तेवढ्यात हॉर्न ऐकू आला. काका ट्रंक घेऊन दारात उभा होता.

"बग की रं काका," मी रडवेली होऊन म्हणाले, "पन एक काडी कमी हाय. आता कोपरं-बाजूंचा हिशेब न्हाई जमायचा."

"मोज तर खरं," काका म्हणाला.

मी मोजलं. काड्या एकोणतीस. कोपरे बारा. बाजू वीस... नाही, एकोणीस! जिथं काडी नव्हती तिथं दोन त्रिकोण मिळून एकच खिडकी झाली होती. बारा आणि एकोणीस एकतीस. पुन्हा दोननंच जास्त. एक काडी गेली की एक बाजू जाते, मग फरक पडणार कसा? माझ्या अंगावर काटा आला. मी आणखी एक काडी उपसली. अठ्ठावीस, अठरा. आणखी एक उपसली.

काका काहीतरी बोलला, माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला.

"आगं, काका चालला! हात तरी हलीव," आई ओरडत होती.

मी सातव्या काडीवर होते. मान वर केली तेव्हा रस्त्यावर नुसता धुरळा होता. 'बरोबर का?' हे त्याला विचारायचं राहूनच गेलं होतं, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.